मतदान कार्डावर भूतान: विट्यातल्या सासूसुनेचा कागदोपत्री आणि खरोखरचा प्रवास

आत्यांना भूतान बघायचा होता, तो गेली पंचेचाळीस वर्षं. (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, त्यामुळे पुढं सगळीकडं आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.) मामंजींचं सिलिगुडीत गलाईचं दुकान होतं. विटा-खानापूर भागातल्या वाचकांना गलाई सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचा हा धंदा, आणि तो करणारी आमच्या भागातली माणसं देशभर विखुरलेली. दुकानात भूतानची गिऱ्हाइकं यायची. मामंजी एकदा जयगावला सरहद्दीपर्यंत गेले आणि कमान बघून परत आले. आत्यांना तीही बघायला मिळाली नाही. बावीस वर्षं तिथं काढून त्या विट्याला परतल्या, मामंजी गेले, आणि भूतान राहिला तो राहिलाच.

मे 2024 मध्ये ह्यांनी ठरवलं की यंदा न्यायचंच. आम्ही चौघं: हे, मी, आत्या (वय 69) आणि सहावीतला मुलगा (वय 11). सांगलीतल्या एका ट्रॅव्हलवाल्यानं फोनवर सांगितलं, "आधार कार्ड चालतंय की, काय काळजी करू नका," आणि 2,000 रुपये बुकिंगचे घेतले. चालत नाही. भूतानला भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, परवाना लागतो, आणि त्यासाठी पासपोर्ट हवा (किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला) नाहीतर मतदान ओळखपत्र. अठरा वर्षांखालच्या मुलाला पासपोर्ट नसेल तर जन्माचा दाखला, आणि सोबत मोठं माणूस. आधार, पॅन, लायसन यांतलं काही नाही. ते 2,000 काही परत मिळाले नाहीत. पुढचं सगळं मग आम्हीच केलं.

पासपोर्ट आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता. माझं आणि ह्यांचं मतदान कार्ड ठीक होतं. आत्यांचं कार्ड म्हणजे नव्वदच्या दशकातलं, काळंपांढरं, लॅमिनेशन सुटलेलं, नंबर "एमटी"नं सुरू होणारा जुना. त्यावर जन्मतारीख नाही, नुसतं वय. नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारशी जुळत नाही. आणि फोटो असा, की आत्याच म्हणाल्या, "ही कोण गं बया?"

दुरुस्तीसाठी आणि बदली कार्डासाठी फॉर्म 8 असतो. तो मोबाइलवरूनही भरता येतो, पण मी आधी तहसीलला गेले, आणि वेळ चुकीची निवडली. जुलैचा पहिला आठवडा. त्याच दिवसांत "लाडकी बहीण"चे अर्ज सुरू झालेले. तहसीलच्या आवारात, सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात सगळीकडं बायकाच बायका. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, फोटो, गोंद. दोन तास उभं राहिल्यावर एका क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "मॅडम, हे ऑनलाइन करा आणि बीएलओना भेटा." (बीएलओ म्हणजे मतदारयादीचं काम बघणारे बूथ पातळीवरचे अधिकारी.) खरं तर त्यानं माझ्यावर उपकारच केले.

8 जुलैला घरी बसून अर्ज भरला. आधार जोडलं, नवा फोटो जोडला. फोटो काढताना आत्यांनी डोक्यावरचा पदर काढायला नकार दिला. चेहरा पूर्ण दिसत असेल तर पदराची अडचण येत नाही, आमची आली नाही. 19 तारखेला बीएलओ बाई (आमच्या भागात अंगणवाडीच्या ताई हे काम बघतात) घरी येऊन खात्री करून गेल्या. मग महिनाभर सामसूम. विधानसभेच्या याद्यांचं काम चालू होतं, त्यात आमचा एक अर्ज. मी रोज सकाळी चहा पिताना स्टेटस बघायचे, जसं कुणी सोन्याचा भाव बघतं. 29 ऑगस्टला पोस्टमननं कार्ड आणून दिलं: रंगीत, प्लास्टिकचं, जन्मतारखेसह. एकूण खर्च शून्य रुपये, झेरॉक्स सोडून.

सल्ला एकच: कार्ड आल्यावर लगेच उघडून स्पेलिंग, जन्मतारीख, लिंग, सगळं तपासा. तिकीट त्यानंतर काढा.

मुलाचा जन्मदाखला नगरपालिकेकडून नवा घेतला. जुन्यावर त्याचं नावच नव्हतं, बारशाआधीच काढलेला.

भूतानचा परवाना त्यांच्या इमिग्रेशन खात्याकडं ऑनलाइन अर्ज करून मिळतो. सरहद्दीवर फुंत्शोलिंगला जाऊनही काढता येतो, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा घरून केलेला बरा. मुक्कामाची बुकिंग दाखवावी लागतात. 6 नोव्हेंबरला अर्ज केला. दोन दिवसांनी परत आला: आत्यांच्या कार्डाची मागची बाजू अस्पष्ट. मोबाइलचा फोटो नको, स्कॅन करा. पुन्हा पाठवला, 13 तारखेला मंजूर.

पैशांचं आताच सांगते, कारण सगळे आधी तेच विचारतात. भूतान प्रत्येक पर्यटकाकडून दर रात्रीचं शुल्क घेतं, त्याला एसडीएफ म्हणतात. भारतीयांना 1,200 रुपये, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मे, त्याहून लहानांना माफ. इतर परदेशी लोकांना तेच 100 डॉलर. सहा रात्रींचे आमचे 25,200 झाले. ह्यांचा चेहरा पडला. मला मात्र यात वावगं वाटलं नाही. महाबळेश्वरला मे महिन्यात वेण्णा लेकपाशी तासभर गाडीत अडकून बसलेल्या माणसाला हे पटेल.

20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. ते करूनच निघायचं ठरवलं होतं. आत्यांनी नवं कार्ड पहिल्यांदा वापरलं ते तिथं. 24 तारखेला विटा-पुणे एसटी (आम्हा दोघींना अर्धं तिकीट), पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं हावडा, दोन रात्री. दिवसभर कोलकात्यात काढून रात्री सियालदहहून कांचनकन्या एक्सप्रेस. ही गाडी डुअर्सच्या जंगलातून, चहाच्या मळ्यांतून जाते. हत्तींमुळे काही टप्प्यांत हळू चालते, त्यामुळे खिडकी सोडू नका. पहाटेनंतर सिलिगुडी जंक्शनला चुलत दीर डबा घेऊन उभे होते. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, पिठलं. गाडी थांबते किती, तर डबा हातात येईपर्यंत. आत्या फलाटाकडं बघत राहिल्या, बोलल्या काही नाहीत.

27 ला दुपारी हासीमाराला उतरलो. तिथून जयगाव 18-20 किलोमीटर. रात्र जयगावात काढली, तिथं एसडीएफ नाही. 28 ला सकाळी पलीकडं.

सरहद्द म्हणजे काय भयंकर असेल असं मला वाटलेलं. जयगावात हॉर्न, फेरीवाले, चिखल, आणि चालत पाच मिनिटांवर, इमिग्रेशनच्या खोल्या ओलांडल्या की फुंत्शोलिंग: एकाएकी शांत. गाड्या झेब्रा क्रॉसिंगला आपणहून थांबतात. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं आत्यांचं कार्ड उलटसुलट बघितलं, बोटाचे ठसे घेताना शाईचं बोट बघितलं आणि हिंदीत विचारलं, "अभी वोट दिया?" आत्यांनी मान डोलावली. तो हसला. इथं पहिली सार्वत्रिक निवडणूक 2008 साली झाली, म्हणजे आमचा हा कागद त्यांच्या लोकशाहीपेक्षा जुना. निदान आत्यांचा आधीचा तरी होता.

मुलाच्या फोनचं घड्याळ तिथं आपोआप अर्धा तास पुढं गेलं. त्याला त्याचंच अप्रूप.

फुंत्शोलिंग जेमतेम 300 मीटर उंचीवर, थिंफू 2,300 च्या वर, आणि मधला रस्ता सुमारे 170 किलोमीटर. हा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या दंतक प्रकल्पानं बांधला, काम 1961 ला सुरू झालं. त्याआधी रस्ताच नव्हता. 1958 साली पंडित नेहरू भूतानला गेले ते तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवरून. गेडूपाशी धुकं इतकं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता. उलटीची गोळी विट्याहूनच घेऊन जा.

वाटेत चुखा लागतं. 336 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र, भारताच्या मदतीनं उभं राहिलेलं. खाली त्याच नदीवर ताला, 1,020 मेगावॉट. आपल्या कोयनेचे 1,960 धरले तर आकड्यांत मोठं वाटत नाही, पण या देशाच्या कमाईत विजेचा वाटा फार मोठा आहे, आणि गिऱ्हाईक आपण. ह्यांचे विट्यात यंत्रमाग आहेत, त्यामुळे विजेचा विषय निघाला की ते सरसावून बसतात. गाइडनं सांगितलं की ही केंद्रं वाहत्या नदीवर चालतात, कोयनेसारखा मोठा साठा नाही. थंडीत नद्या आटल्या की उलट भारताकडून वीज घ्यावी लागते. ह्यांना त्यातच समाधान वाटलं. "म्हणजे बिलाचं टेन्शन यांनापण हाय."

देश किती मोठा, हे मुलाला समजवायला मी सांगली जिल्हाच माप म्हणून धरला. भूतान 38,394 चौरस किलोमीटर, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या साडेचार पट. माणसं मात्र 2017 च्या जनगणनेत 7 लाख 27 हजार. आपल्या जिल्ह्यात 2011 लाच 28 लाख होती. एका जिल्ह्याच्या पाव हिश्शाची माणसं, साडेचार जिल्ह्यांत पसरलेली. तासन्‌तास गाडी चालते आणि डोंगरभर नुसती झाडं. त्यांच्या संविधानातच लिहिलंय की देशाची 60 टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे. प्रत्यक्षात आहे 70 टक्क्यांच्या आसपास. खानापूर तालुक्यात टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी टँकरच्या रांगेत घागर धरून उभी राहिलेली माझी पिढी. मला ते बघून थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

थिंफूत दोन रात्री. राजधानी, पण एकही ट्रॅफिक सिग्नल नाही. चौकात रंगवलेल्या छत्रीखाली पोलीस पांढरे हातमोजे घालून हातवारे करतो. आत्यांना तो कीर्तनातल्या बुवासारखा वाटला. पुरुष घो घालतात, गुडघ्यापर्यंतचा, कमरेला घट्ट बांधलेला. पोटावर मोठा खिसा होतो, त्यात मोबाइलपासून पोरापर्यंत सगळं मावतं. बायका किरा नेसतात. एका दुकानात आत्यांनी किरा हातात घेऊन दोन बोटांत चोळून बघितली, विणकर घरातल्या बाईनं बघावी तशी. हातमागाची होती. किंमत ऐकून अलगद घडी घालून परत ठेवली.

ताकिन बघायला शहरावरच्या मोतीथांगला गेलो. हा भूतानचा राष्ट्रीय प्राणी: धड गायीचं, तोंड बकरीचं. त्यांची कथा अशी, की द्रुकपा कुनले नावाच्या अवलिया साधूनं एक गाय आणि एक बकरी खाऊन संपवली आणि बकरीचं डोकं गायीच्या सांगाड्यावर बसवून दिलं. पूर्वी इथं प्राणिसंग्रहालय होतं. बौद्ध देशात प्राणी कोंडून ठेवणं बरोबर नाही म्हणून चौथ्या राजांनी त्यांना सोडून दिलं, तर हे ताकिन जंगलात जायचं सोडून शहरात हिंडू लागले. शेवटी कुंपण घालून परत आणावं लागलं. आमच्या मोकाट जनावरांसारखीच गत.

जेवणाबद्दल सावध करते. "आम्ही ठेचा खाणारी माणसं" हा तोरा तिथं चालत नाही. एमा दात्शी म्हणजे मिरची आणि चीज. मिरची फोडणीपुरती नसते, भाजीच मिरचीची. मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्या लाल भातात कालवून शांतपणे जेवल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचाही तोरा उतरला: डोमा. विड्याचं पान, चुना, आणि आंबवलेली ओली सुपारी. जन्मभर पान खाल्लेल्या आत्यांनी ऐटीत तोंडात टाकलं आणि पाच मिनिटांत घाम फुटून फुटपाथवर बसल्या. "सुपारी हाय का दारू?" वयस्कर माणसांना देऊ नका.

30 ला डोचुला खिंडीतून पुनाखा. खिंडीत 108 चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, आहेत. पुनाखाचा किल्लेवजा मठ, म्हणजे झोंग, 1637-38 मधला, फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर. पहिल्या राजांचा राज्याभिषेक 1907 साली इथंच झाला. सांगलीकडचा माणूस संगम बघितला की आधी पुराची खूण शोधतो. हरिपूरच्या संगमावर आपण तेच करतो. मी विचारलं, पाणी कुठवर येतं? गाइड थबकला. 1994 च्या ऑक्टोबरमध्ये वर हिमनदीचं तळं फुटलं आणि पाण्याचा लोंढा थेट या झोंगपर्यंत आला, वीसएक माणसं गेली. मी त्याला 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी चढलेलं पाणी सांगितलं, 57 फूट. आमच्याकडं पाऊस आणि धरणाचं पाणी, त्यांच्याकडं डोंगरावरचं वितळतं बर्फ. तापमान वाढतंय तशी अशी तळी वाढतायत. शोषला जातो त्याहून कमी कार्बन सोडणारा हा देश, तरी भोगायला तोही पुढं.

पुनाखाजवळ त्याच अवलिया साधूचं मंदिर आहे, चिमी ल्हाखांग, 1499 चं. मूल व्हावं म्हणून लोक येतात. आसपासच्या घरांच्या भिंतींवर काय रंगवलेलं असतं ते आधी वाचून जा, विशेषतः सासूबरोबर असाल तर. मी मुलाला दुकानातल्या टोप्या दाखवत पुढं काढलं. मागं आत्या निवांत उभ्या राहून बघत होत्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "महादेवाचंच की. त्यात लाजायचं काय?"

1 डिसेंबर, फोबजिखा. सगळ्या प्रवासातलं मला आवडलेलं ठिकाण. सुमारे 3,000 मीटरवरचं रुंद, पाणथळ खोरं. तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच इथं ऑक्टोबरच्या अखेरीपासून येतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. येताना आणि जाताना ते गांग्ते मठाला प्रदक्षिणा घालतात असं लोक मानतात. पक्षी तारांना धडकू नयेत म्हणून खोऱ्यातल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. दुर्बिणीतून बघितलं: राखाडी अंग, काळी मान, डोक्यावर लाल ठिपका, आणि चिखलात एकेक पाय उचलून ठेवण्याची ती चाल. दोन मोठे आणि मध्ये एक पिंगट पिल्लू. पिल्लू मागं पडलं की पुढचा थांबायचा.

आम्ही शेतकऱ्याच्या घरी उतरलो होतो. मधोमध बुखारी, म्हणजे लाकडावरची लोखंडी शेगडी, भोवती सगळे. हे खोरं बटाट्याचं. घरच्या बाईनं हातवारे करून, मध्ये हिंदी शब्द घालत सांगितलं, की रानडुकरं बटाटे उकरतात, जंगलाचे नियम कडक, म्हणून पिकाच्या दिवसांत माणसं रात्रभर जागतात. आत्या लगेच सावरून बसल्या. त्यांचं माहेर चांदोलीच्या अंगाला, शिराळा तालुक्यात. गवे आणि डुकरं हा त्यांच्या भावांचा रोजचा विषय. "पत्र्याचा डबा वाजवता का?" असा डबा वाजवायचा अभिनय केला. ती बाई हसत सुटली आणि कोपऱ्यातला खरा डबा काढून दाखवला. पुढचा अर्धा तास दोघी एकमेकींच्या भाषेत बोलत होत्या आणि आम्हा बाकीच्यांची कुणाला गरज नव्हती.

वाघांच्या बाबतीत हा देश पुढं आहे. 2015 च्या मोजणीत 103, 2021-22 च्या मोजणीत 131. हिमबिबटेही मोजून 134 भरले. आम्हाला अर्थातच यातलं काही दिसलं नाही. दक्षिणेकडं त्यांचं मानस आणि आसामातलं मानस हे एकच जंगल, मध्ये फक्त सरहद्द.

सगळं गोड गोड लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही. "आनंदी देश" म्हणून नाव आहे, पण तरुण पोरं मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला चाललीत. गाइडचे दोन भाऊ तिकडंच. टीव्ही आणि इंटरनेट इथं 1999 ला आलं, तोपर्यंत बाहेरचं जग दिसतच नव्हतं. आणि नव्वदच्या दशकात दक्षिणेतल्या एक लाखावर नेपाळीभाषक लोकांना देश सोडावा लागला, वर्षानुवर्षं ते नेपाळच्या छावण्यांत राहिले. मी गाइडला त्याबद्दल विचारलं. त्यानं खिडकीबाहेरचं झाड दाखवलं. मी पुन्हा विचारलं नाही.

पारोला दोन रात्री. तिथला तकत्सांग मठ, म्हणजे वाघिणीची गुहा. सुमारे 3,120 मीटर, म्हणजे कळसूबाईची जवळपास दुप्पट उंची. 1998 ला आगीत जळालेला मठ पुन्हा बांधलाय. अर्ध्या वाटेपर्यंत घोडं मिळतं. आत्या तिथल्या चहाच्या ठिकाणी थांबल्या, आम्ही वर जाऊन आलो, मला चार तास लागले. गुडघे दुखतात, एवढंच सांगते.

हिशेब: रेल्वे 25,000, गाडी आणि गाइड 36,000, राहणं 30,000, एसडीएफ 25,200, जेवण, तिकिटं आणि बाकी 24,000. चौघांचे मिळून 1,40,000 च्या घरात. नगुल्ट्रम (त्यांचं चलन) आणि रुपया एकास एक, आपल्या नोटा बहुतेक ठिकाणी घेतात, पण सुट्टे त्यांच्या पैशांत येतात. ते तिथंच संपवा. जयगाव सोडलं की त्यांना कुणी विचारत नाही. बारीक तिकिटांचे पैसे रोख ठेवा, मोबाइलवरून पैसे द्यायचं आमचं दोनदा अडलं.

4 डिसेंबरला दुपारी पुन्हा फुंत्शोलिंग. परवान्याची नोंद होऊन चालत जयगावात आलो. तोच हॉर्न, तोच चिखल. आत्यांनी मागं वळून कमान बघून घेतली, मामंजींनी बघितली होती त्या बाजूनं. मुलगा ओरडला, "आज्जी, घड्याळ अर्धा तास मागं गेलं!"

"मग च्या प्यायला येळ हाय की," आत्या म्हणाल्या, आणि टपरीवरच्या बाकड्यावर बसल्या.